पाणी पिण्याचा आराखडा

“पायलोनेफ्रायटिस,” कुडाळच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि माझा चेहरा बघून लगेच सोप्या भाषेत सांगायला लागल्या. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. माझी मुलगी मैथिली समोरच्या खाटेवर तापाने फणफणली होती, हाताला सलाईन, ओठ सुकलेले. वर्षभरात असं पुन्हा पुन्हा होत होतं. “आता परत होता कामा नये,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मूत्रपिंडावर व्रण राहिले तर ते भरून येत नाहीत.”

ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रडगाणं गायचं नाही. मला माझ्या लेकीचा फार अभिमान आहे आणि थोडा माझाही आहे. तो लपवण्याइतकी मी साधी नाही.

मैथिली नऊ वर्षांची, चौथीत आहे. तिला स्पास्टिक डायप्लेजिया आहे. सेरेब्रल पाल्सीचा हा एक प्रकार. मेंदूकडून पायांना जाणारा निरोप बिघडतो आणि पायांचे स्नायू ताठ राहतात. ती वॉकर धरून चालते. डोकं तल्लख आणि जीभ अस्सल मालवणी, म्हणजे कोणाचं ऐकून घेणार नाही. मालवणजवळच्या किनाऱ्यावर आमचं गाव, आणि ती गावातल्याच शाळेत जाते.

इस्पितळातले दिवस तुम्हाला ठाऊक असतील. युरिन कल्चर केलं. यात लघवीतले जंतू वाढवून ते कोणत्या औषधाला दबतात हे बघतात. त्याचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि तोवर बाहेरच्या बाकावर बसून आपण देव, डॉक्टर आणि नवरा यांना आळीपाळीने बोल लावायचे. सोनोग्राफीत मूत्रपिंडं अजून शाबूत दिसली. त्या “अजून”ने माझी झोप उडवली.

ताप उतरल्यावर डॉक्टरबाईंनी मैथिलीलाच विचारलं, “शाळेत पाणी किती पितेस?”

“घोटभर.”

“काय बोलतेस?” मी मध्येच म्हटलं. “बाटली तर रोज रिकामी येते!”

“ता पानी मी चाफ्याक घालतंय,” ती शांतपणे म्हणाली. शाळेच्या फाटकाशी एक चाफा आहे. यंदा तो कसा फोफावला म्हणून मुख्याध्यापक सगळ्यांना कौतुकाने सांगत होते.

“पण कित्याक गो?”

“पानी प्यालंय काय मुताक लागता. आणि थयसर माका जाऊक येना नाय.”

शाळेचं स्वच्छतागृह मागच्या बाजूला. चिऱ्याच्या तीन उंच पायऱ्या, धरायला काही नाही, आणि वॉकर आत घेतला तर दार लागत नाही. म्हणून माझी पोर सकाळपासून घरी येईपर्यंत दाबून बसायची. कमी पाणी आणि लघवी अडवून धरणं, जंतूंना वाढायला एवढं पुरतं, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. मग म्हणाल्या, “औषध मी देईन. पण आजार शाळेत तयार होतोय. तिचा शाळेचा आराखडा असेल ना? त्यात काय लिहिलंय?”

विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलासाठी शाळेत वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करतात. मुलाला काय येतं, यंदा काय शिकवायचं, मदत कोणती द्यायची, हे त्यात असायला हवं. नवऱ्याने त्याचा फोटो फोनवर पाठवला. “हस्ताक्षर सुधारणे. आत्मविश्वास वाढवणे. स्वावलंबनास प्रोत्साहन. आवश्यकतेनुसार सहकार्य.” मैथिलीचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. पाणी आणि स्वच्छतागृह हे शब्द कुठेच नव्हते.

सासरे पेज घेऊन आले होते. गावच्या देवळात गाऱ्हाणं तेच घालतात. कोणाचं काय दुखणं, ते कोणी आणि कसं दूर करायचं, हे नावानिशी देवाला सांगायचं आणि जमलेल्यांनी “होय म्हाराजा” म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. मी आराखडा वाचून दाखवला तर त्यांना हसूच आलं. “असला गाऱ्हाणा घातलंय तर देव माकाच इचारतलो, अरे, पण मी करूचा काय ता तरी सांग!”

घरी आल्यावर शाळेत बैठक झाली. मुख्याध्यापक भला माणूस, पण घाबरलेला. “ताई, तिच्या प्रकृतीसाठीच म्हणतो. तिला घरून शिकू दे. शिक्षिका घरी येत जातील.”

पाढे मीही घरी शिकवीन, पण भांडायला, खोड्या काढायला, कानात कुजबुजायला मैत्रिणी कुठून आणू? मी म्हटलं, “सर, आधी आराखडा बदलून बघू. तरीही तिला पुन्हा संसर्ग झाला, तर मी स्वतः तिला घरी बसवीन.”

हे आराखडे लिहिणाऱ्या आमच्या विशेष शिक्षिका फर्नांडिस मॅडमही बैठकीत होत्या. त्यांच्याकडे खूप शाळा आहेत. त्यांनी सरळ कबूल केलं, “बहुतेक मुलांसाठी मी तोच मजकूर लिहिते. वेळच पुरत नाही. हा मात्र नीट लिहूया.” माझी अट एकच होती. प्रत्येक ओळीत काम नेमकं हवं, ते करणाऱ्याचं नाव हवं, आणि त्या माणसाने सगळ्यांसमोर होकार द्यायचा.

“म्हणजे गाऱ्हाणंच की!” मुख्याध्यापक म्हणाले. “होय म्हाराजा!” वर्गशिक्षक ओरडले, आणि खोलीतली हवा सैल झाली.

मग मॅडम मैथिलीकडे वळल्या. आधीच्या आराखड्यांच्या वेळी तिला कोणी विचारलंच नव्हतं. “तुका काय होया, बाय?”

“दाराक आतसून कडी. आणि भायर कोणी उभ्या रवाक नको. माका लाज वाटता.”

तीच आराखड्याची पहिली ओळ झाली. मुख्याध्यापकांनी उतार, आधाराचा दांडा आणि दार अंगावर घेतलं. वर्गशिक्षकांनी पाण्याची घंटा काढली. ती वाजली की सगळ्या वर्गाने पाणी प्यायचं, म्हणजे मैथिली एकटी वेगळी दिसणार नाही. उठण्या-बसण्याचा आणि चढण्या-उतरण्याचा सराव फिजिओथेरपिस्टने त्याच जागेवर घ्यायचा ठरला. आणि तिला जमेपर्यंत मधल्या सुट्टीत मी येईन, ही ओळ माझी.

सगळं काही सुरळीत झालं नाही. गवंड्याने दांडा उजवीकडे लावला, आणि मैथिलीचा जोर डाव्या हातात. मुख्याध्यापकांनी कुरकुरत तो उखडून डावीकडे बसवला. उताराला तर इतका उशीर झाला की मी रोज त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायचे. गावात माझं नाव कजाग पडलं. पडू दे. आपल्या मुलासाठी कजाग व्हायला लाजू नका, आणि आराखड्यावर न वाचता सही करू नका.

पावसाळा गेला. लघवीच्या तपासण्या एकामागून एक स्वच्छ आल्या. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला, सोनोग्राफी बघितली आणि मैथिलीशी हात मिळवला. “मूत्रपिंडं मस्त आहेत. आता शाळा बुडवायला काही कारण नाही हं!”

वर्ष संपताना आराखड्याचा आढावा होता. घरी बसवण्याचा विषय निघालाच नाही. मॅडम एकेक ओळ वाचत होत्या. माझ्या ओळीवर आल्या तेव्हा मी मान हलवणार, तोच मैथिली म्हणाली, “ह्या काढा.”

“काय?”

“आये, तू येव नको. माझा माका जमता.”

मला पुष्कळ बोलायचं होतं. लादी ओली असते, कडी घट्ट आहे, पडलीस तर काय. ती माझ्याकडे बघत होती, ताठ बसून. मी म्हटलं, “बरा.” मॅडमनी माझ्या नावावर रेघ मारली. मी बाहेर आले आणि भिंतीला टेकून रडले. ते रडणं अभिमानाचं होतं आणि ते कोणी बघितलं तरी मला चालणार होतं.

मैथिलीच्या आराखड्यात आता माझं नाव कुठेच नाही. माझ्याबद्दल याहून चांगलं अजून कोणी काही लिहिलेलं नाही.