चौकटीवरची फिल्म

सावेडीत आमच्या समोरच्या बंगल्यात एक काका एकटेच राहतात. मूळचे राहुरीकडचे. प्लॅस्टिकच्या खिडक्या बसवल्या तेव्हा चौकटींवरची पातळ फिल्म त्यांनी काढू दिली नाही. "पावनं यायच्या आदी काडू, तवर नवं ऱ्हाईल," म्हणाले. पाहुणे काही आले नाहीत, आणि फिल्म उन्हाने भाजून चौकटीला घट्ट चिकटली.

या उन्हाळ्यात ते रोज संध्याकाळी स्टूल घेऊन खिडकीपाशी बसू लागले. अंगठ्याच्या नखाने खरवडायचे, कपची निघाली की उजेडात धरून बघायचे आणि खिशात टाकायचे. रस्त्याने कोणी जाताना दिसलं की हाक यायची, "लई चिवट हाय बघा!" लोक हसून पुढे जायचे. मीही जायचो.

पण मला असलं रेंगाळलेलं काम बघवत नाही. एकदा बायकोचा हेअर ड्रायर घेऊन गेलो. गरम हवा लागताच फिल्म सैल झाली आणि लांबच लांब पट्ट्या निघू लागल्या. दिवेलागणीच्या आत खिडक्या झाल्या, दारही झालं. काका खूश होतील असं वाटलं होतं. ते मात्र हात मांडीवर ठेवून पांढऱ्याशुभ्र चौकटींकडे बघत राहिले.

"झालं व्हय सगळं?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, हातात स्टूल.

"तुमच्या मागल्या दाराला हाय अजून फिल्म. गल्लीतनं दिसती. मी काडतो सावकाश." मग स्टूल सावरत म्हणाले, "पन ते मशीन नका आनू."