चिंचेनं घासलेली चांदणी

फोन आला तेव्हा मी तासगावच्या घरी बेदाणे निवडत बसले होते. "काकू, आप्पा गेले," साताऱ्याहून पुतण्या म्हणाला. मी निवडतच राहिले... धाकटा दीर माझ्याआधी गेला, याचा आधी रागच आला.

आप्पाभावजी पलटणीतून हवालदार होऊन परतले आणि महायुद्धातली मेडलं पारखू लागले. आमच्या भागात घरटी एखादं मेडल; कुणाचं ट्रंकेत, कुणाचं देव्हाऱ्यात. संग्राहक मुंबई-पुण्याहून यायचे. भावजी रिबीन बघत, धातू बघत, मग कडेला किंवा पाठीवर ठोकलेला शिपायाचा नंबर, पलटण, नाव, आणि मग किंमत सांगत. त्यांच्या शब्दावर दुसरा कुणी भिंग लावत नसे. मात्र कुणी घरातलं मेडल विकायला आणलं, तर त्यांचा दंडक होता : आधी घरच्या माणसानं नाव मोठ्यानं वाचायचं. पुष्कळजण वाचून झाल्यावर मेडल खिशात घालून गुपचूप घरी जायचे.

आमच्याकडेही एक होतं. सासरे इटलीत पडले, त्यांच्यामागं टपालानं आलेली सहा टोकांची पिवळी चांदणी. दसऱ्याला सासूबाई कोयत्या-विळ्यांबरोबर तिची पूजा करत. नवी सून म्हणून आले तेव्हा मला अक्कल किती, तर दिसेल ते घासायचं एवढी! समई घासली, तांब्या घासला आणि चांदणी चिंच-राखेनं दोन्ही अंगांनी लखलखीत करून शाबासकीसाठी सासूबाईंपुढं उभी राहिले. पुढं दर दसऱ्याला तेच.

सासूबाईंच्या मागं चांदणी भावजींकडे गेली. एकदा साताऱ्याला चहा देताना एका संग्राहकाचं बोलणं कानावर पडलं. "लढाईत पडलेला जवान? मग तर भाव चांगलाच चढतो." पोटात सात महिन्यांचं पोर असताना सासूबाईंनी सासरे पडल्याची तार ऐकली होती. बाईचं कुंकू पुसलं की भाव चढतो? हा कुठला बाजार म्हणायचा? आप्पाभावजी, म्हणजे पोटातलं ते पोर, शांतपणे म्हणाले, "तिच्यावर नावच ऱ्हायलं न्हाई. आमच्या वैनींनी चिंचेनं पुसलं. बिननावाची कोण घेणार?" जाताना पाहुण्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू सासऱ्यांवर गोळी मीच झाडली.

तेव्हापासून दर भेटीत एकच. "वैनी, औंदा चिंच लय आलीय म्हणं?"

"आवं, तवाच सांगायचं हुतं की!"

"तवा मी शाळंत हुतो!"

तेराव्याला तोच संग्राहक आला. तेराव्याला! पंगतीची पानं मांडलेली, आणि हा पुतण्याला विचारतोय, ती चांदणी एकदा नीट बघू का. पुतण्या डबा घेऊन आला. म्हटलं, "थांब रं. आदी घरच्या माणसानं वाचायचं." आतल्या खोलीत खिडकीपाशी बसून भावजींचं भिंग लावलं. चांदणी सरळ धरली, काही नाही. तिरपी केली... नंबर दिसला. पलटण दिसली. मग नाव. पुसट, पण अख्खं.

जन्मभर असली अक्षरं वाचणाऱ्याला हे दिसलं नसेल? धंद्यात एकच खोटं बोलले आणि त्याचं खापर इतकी वर्षं माझ्या डोक्यावर फोडलं! एकदा तरी कानात सांगायचं, भावजी... नाही सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हेही त्यांना ठाऊक.

सासऱ्यांचं नाव मी कधी उच्चारलं नव्हतं, सासूबाईंनीही नाही. त्या दिवशी दार लोटून मोठ्यानं घेतलं. मागं वळले तर दारात पुतण्या. त्यानं ऐकलं होतं.

बाहेर येऊन पाहुण्याला म्हटलं, "काय न्हाई वं ऱ्हायलं. चिंच लय आंबट हुती." पुतण्यानं मान खाली घालून डबा आणि भिंग माझ्या पिशवीत ठेवलं.

आता हे छापून आलं की तो संग्राहक तासगावला येईल. येऊ दे. मी चिंच भिजत घातली आहे.