मुनव्वरभाईची जामीनकी

मुनव्वरभाईला कुणी भला माणूस म्हणलं की माझं टाळकं सरकतं. भला कसला, खुळा माणूस. पण खुळा म्हणायचा हक माझा एकटीचा, बाकीच्यांनी त्याचं नावबी काढू नये.

लिंबागणेशच्या रस्त्याला आमच्या दूध संघाचं चिलिंग होतं. गावोगावचं दूध तिथं यायचं, थंड व्हायचं, मग टँकरनं पुढं जायचं. मी कॅन धुवायची, मुनव्वरभाई मशीनवर. मशीनचा आवाज जरा बदलला की हातातला घास टाकून उठायचा. बीडला बापानं ठेवलेलं दोन खोल्यांचं घर, बायको सुरैया अन् एक लेक, मुनिरा. तेवढीच त्याची दुनिया.

मुनिराचं सिरसाळ्याला जमलं. लग्नासाठी फंडातून पैसे काढता येतेत म्हणून भाईनं अर्ज केला. फंडाच्या हापिसातून उत्तर आलं, कैक वर्षांत तुमच्या खात्यात काहीच जमा झालेलं न्हाई. आमच्या सगळ्यांचीच तीच गत. दर पगाराला फंड कापायचे, भरत मातर नव्हते.

आमी चेअरमन मोहनरावांना घेरलं. ते खाली मान घालून म्हणले, "दुधाच्या बिलात गेला तुमचा पैसा. दुष्काळात शेतकऱ्याचं बिल थांबवलं असतं तर त्यानं जनावरं विकली असती. मग हे चिलिंग काय चाटायचं होतं?"

खोटं नव्हतं ते. बिंदुसरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, जनावरं छावणीत, दूध निम्म्यावर आलेलं. पण आमच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढायचं, तर आमाला इचारायचं तरी.

मग फंडाच्या हापिसानं संघाचं खातंच गोठवलं. आमच्या मशीनला जमली नसती असली थंडी त्या एका कागदात होती. पगार बंद झाले. मोहनराव ब्यांकेत गेले. ब्यांक म्हणली, फंड थकवणाऱ्या संस्थेला कर्ज न्हाई, आधी फंड भरा. अहो, फंड भरायलाच तर कर्ज पाहिजे होतं. मशीन तारण ठेवावं तर ते आधीच तारण, जागा सरकारची. शेवटी एक पतसंस्था तयार झाली, पण तिला घरदार असलेला जामीन पाहिजे.

संचालकांची बैठक झाली. सगळे आले, चहा पिले, अन् एकेकाची जमीन बायकोच्या नावावर निघाली. त्यांच्या बायकांना एवढा मान जन्मात त्याच दिवशी मिळाला असंल.

तवा दारात उभा असलेला मुनव्वरभाई म्हणला, "माझं घर लावा."

मी त्याला बाहेर ओढलं. "कावून रे भाई? फंड आपला, खाल्ला त्यांनी, अन् जामीन तू?"

"संघ असाच बुडला तर फंडबी गेला, बायडाबाई. चिलिंग चालू राहिलं तर हप्ते निघतेत. एक पावसाळा चांगला झाला की दूध येतंय."

"अन् न्हाई झाला तर?"

तो आत जाऊन सही करून आला.

फंड भरला. समद्यांचा, पै न् पै. मुनिराचं लग्न झालं, भाईचे पैसे त्यातच गेले. पण पुढचं सालबी कोरडंच गेलं. लोकांनी छावणीतली जनावरं बाजारात नेली, टँकर अर्धाबी भरंना, अन् चिलिंगला कुलूप लागलं. नोकरी सुटली तसा आमचा फंड आमच्या हातात आला. मी बीडजवळ पालीला एक खोली बांधली, वर पत्रे टाकले. पतसंस्थेचे हप्ते कोण भरणार? संघाकडं दमडी नव्हती. नोटिसा जामीनदाराला आल्या, अन् भाईचं घर लिलावात गेलं.

आता तो फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात कामाला जातो. भाड्याच्या एका खोलीत दोघं नवरा-बायको कशीबशी मावतेत. फंडाचे उरलेले पैसे पदरात बांधून मी त्याच्याकडं गेले, म्हणलं, घे.

"न्हाई बायडाबाई. तुझ्याच पगारातून कापलेले हायत ते. तुझे पैसे तुला मिळायला माझं घर लागलं, यात तुझं काय चुकलं?"

सुरैयाची नजर मातर नोटांवरून हलंना. ती हळूच म्हणली, "मुनिरा बाळंतपणाला यायची हाय. तिला कुठं निजवू?"

भाईनं तोंड फिरवलं. मी म्हणलं, "माझ्याकडं."

मुनिरा पालीला आली, तिला पोरगा झाला. सुरैया तिच्याजवळच ऱ्हाते. भाई कामावरून सुटला की येतो, उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा ऱ्हातो. आत ये म्हणलं तर म्हणतो, हात खराब हायत. हात धुऊन आलेला असतो, मला दिसतंय की. लेकीच्या माहेरपणाला बापानं दुसऱ्याच्या दारात पाहुण्यावानी उभं ऱ्हायचं, अन् ते दार माझं. मला जेवण जात न्हाई त्या दिवशी.