शून्य ते शंभर, भर दुपारी

माझ्या धाकट्या भावाचं कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत गॅरेज आहे. ते राहणार की बंद होणार, हे मागच्या मे महिन्यात एका आकड्यावर येऊन ठेपलं, आणि तो आकडा मोजायचं काम त्याने मला दिलं. गाडीतलं मला फारसं कळत नाही. पण मी दवाखान्याच्या औषधभांडारात काम करते, फ्रिजचं तापमान दिवसातून चारदा वहीत लिहिते. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला गाडीला किती सेकंद लागतात, हे लिहायला कितीसं अवघड?

भावाने आपल्या जुन्या, दोन दारांच्या लाल स्पोर्ट्स कारला सहा महिने खपून टर्बो बसवला होता. नागपुरात सदर भागातल्या एका दंतवैद्यांकडे तशीच गाडी होती, फक्त निळी. ते म्हणाले होते, "दोन माणसं बसवून, मे महिन्याच्या दुपारी, आठ सेकंदांच्या आत शंभर करून दाखव. माझी गाडी टर्बोसाठी तुझ्याकडे, माझ्या दोन मित्रांच्याही." तेवढ्या कामावर गॅरेज वर्षभर चाललं असतं. दुसरीकडे पुण्याच्या एका कंपनीने भावाला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. डॉक्टरांचं काम मिळालं तर गॅरेज, नाही तर पुणे, असं त्याने बायकोला कबूल केलं होतं.

"माझे सात येतात," तो मला म्हणाला.

"कसे मोजलेस?"

"सकाळी सहा वाजता. वेग काट्यावर पाहून, वेळ मोबाइलच्या घड्याळावर."

"एकटाच होतास?"

"एकटाच."

मी तीन हरकती लिहून घेतल्या: थंड हवा, एकटा माणूस, काटा. तिसरीवर तो चिडला. मग त्यानेच कुठून तरी उपग्रहावरून वेग मोजणारी एक छोटी डबी आणली. काच पुसून ती चिकटवली आणि गाडी हळूहळू वेगात नेली. काटा शंभरावर टेकला तेव्हा डबी चौऱ्याण्णव दाखवत होती. त्यानंतर तो काट्याबद्दल बोलला नाही.

रविवारी दुपारी एक वाजता आम्ही एका गोदामाच्या आवारात पोचलो. आतला रस्ता लांब, सरळ आणि सुट्टीमुळे मोकळा होता. मालकाची परवानगी घेतलेली होती. मी पाण्याची बाटली जमिनीवर आडवी ठेवली. ती फाटकाकडे घरंगळली. डोळ्याला न दिसणारा उतार होता. म्हणून सगळ्या फेऱ्या चढाच्या दिशेने घ्यायच्या ठरल्या. फुकटची मदत नको. डॉक्टर तीन वाजता येणार होते.

पहिली फेरी ८.४. बरी होती. गोदामाच्या राखणदाराशी बोलण्यात थोडा वेळ गेला, मग दुसरी: ९.०. मग गाडीतच बसून डबा खाल्ला, भाकरी आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. तिसरी: ९.३.

भाऊ खाली उतरला आणि बॉनेट उघडून पाना हातात घेतला. "क्लच घसरत असन. नाही तं पाइप गळून राहिला. आता सारं खोलाच लागते."

"थांब. पाना खाली ठेव."

मी वही पुढे केली. बाहेरचं तापमान तिन्ही वेळा जवळपास सारखंच होतं. पण एक रकाना सारखा नव्हता.

"अवं ताई, गाडी उभी राहिली ते मिनटं काहून लिहून राहिली तू? उभ्या गाडीचं काय मोजाचं असते?"

"दोन मिनिटं थांबलो, ८.४. सहा थांबलो, ९.०. जेवायला दहा लागली, ९.३. थांबताना इंजिन चालू होतं का?"

"मंग? एसी चालू ठेवाचा होता न. तुले गरम होत होतं."

"मला? एसीच्या तोंडाशी तू बसला होतास."

तो हसला आणि मग एकदम वाकून गाडीच्या पुढच्या भागात बघू लागला. टर्बो म्हणजे चुलीतली फुंकणी, असं त्याने मला आधी समजावलं होतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो जास्तीची हवा इंजिनात कोंबतो. कोंबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून तिला थंड करायला गाडीच्या नाकाशी एक जाळी असते, इंटरकूलर. एसी आपली उष्णता त्याच जाळीशेजारी टाकतो. गाडी धावत असली तर वारा लागतो. उभी असली तर सगळी आच तिथेच साठते. आम्ही थंड हवेत बसून भाकरी खात होतो आणि पुढे इंटरकूलर भाजत होता. आता सांगताना हे उघड वाटतं, पण मे महिन्याच्या दुपारी उभ्या गाडीत एसी बंद करून बसायचं नागपुरात कुणाला सुचणार?

आम्ही गाडी कडुनिंबाखाली घेतली, जाळीवर ओलं पोतं टाकलं, अर्धा तास थांबलो. मग एसी बंद करून फेरी घेतली. ७.९. पुन्हा सगळं तसंच करून, ७.८. भाऊ घामाने निथळत माझ्याकडे बघून हसत होता. माझी वही ओली झाली होती.

डॉक्टर निळ्या गाडीतून आले आणि काच न उतरवता आधी आमच्याकडे बघत राहिले.

"आले?" त्यांनी शेवटी काच खाली करून विचारलं.

"सात पॉइंट आठ, डॉक्टर साब!"

"एसी?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. "बंद होता," मी सांगितलं.

"अरे यार, मे महिन्यात एसी बंद करून मी फिरू? बायको बसेल बाजूला? एसी लावून किती?"

मी पान उलटून दाखवलं. सदरच्या सिग्नलला उभं राहिल्यावर येईल तो आकडा हाच होता, ९.३.

"मग कशाला बॉनेट उघडायचं? माझी तर आहे तशीच दहात जाते."

भाऊ पोतं पिळत उभा होता. मान वर करत नव्हता.

"मोजली आहे?" मी विचारलं.

"कंपनीच्या कागदावर लिहिलंय ना."

तेव्हा मला माझी चूक दिसली. वहीत सहा रकाने होते, पण टर्बो नसलेली गाडी याच उन्हात, याच रस्त्यावर किती वेळ घेते, हे कुठेच नव्हतं. भावाने टर्बो बसवण्याआधी कधी मोजलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. तुलना कशाशी करायची तेच सोडून मी बाकी सगळं लिहीत बसले होते.

"तुमची गाडी आत्ता मोजू या. एसी लावून, दहा मिनिटं उभी ठेवून."

डबी निळ्या गाडीच्या काचेवर चिकटवली आणि मी डॉक्टरांच्या शेजारी बसले. दहा मिनिटं आम्ही दाढांविषयी बोललो. मग फेरी. १२.४.

"मी उशिरा दाबलं. परत."

पुन्हा दहा मिनिटं. १२.५.

"ही डबी खोटी बोलते."

"मग हीच डबी लाल गाडीत लावते," मी म्हटलं. "माझ्या जागी तुम्ही बसा."

मी उन्हात उभी राहून घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली आणि लाल गाडी सुटली. परत आली तेव्हा भावाने बोटांनी नऊ आणि चार दाखवलं. डॉक्टर माझ्यापेक्षा बरेच जाड होते, हे मी फक्त वहीत लिहिलं.

डॉक्टर उतरले, आपल्या गाडीकडे बघत राहिले. "तीन सेकंद," ते म्हणाले. "च्यायला, एवढी वर्षं मी दहाच समजत होतो."

"कोनीच मोजत नाही न, डॉक्टर साब."

"एसी लावून नऊच्या आत आणशील? ती जाळी मोठी टाकून, तिला वेगळा पंखा देऊन?"

"आणून पाह्यतो. नऊच्या आत येईनच, असं आज सांगत नाही. दर वेळी मोजून सांगतो."

डॉक्टरांनी किल्ली दिली. "आधी माझी कर. मग मित्रांना मीच घेऊन येतो."

भावाने तिथूनच बायकोला फोन लावला. "पुण्याले नाही म्हणतो मी," एवढंच तो बोलला आणि फोन कानापासून दूर धरला. पलीकडचं बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी "हो, हो, आलोच" म्हणून त्याने तो खिशात टाकला आणि निळ्या गाडीचं बॉनेट उघडलं.

"अरे, आजच?" डॉक्टर ओरडले. "मी घरी कसा जाऊ?"

"ताई सोडून देते न तुमाले," तो आत डोकं घालूनच म्हणाला आणि लाल गाडीची किल्ली माझ्याकडे फेकली.

ती गाडी मी कधीच चालवली नव्हती. मी आत बसले आणि सीट पुढे ओढायचा खटका शोधू लागले.