दाजींची अठरा पानं

मराठी टाइपरायटरवर आमच्या दाजींइतकी बोटं चालवणारा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत झाला नाही आणि होणारही नाही. हे मत दाजींचंच, पण आम्हीही ते कधी खोडून काढलं नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे शिराळ्याचे, सांगलीतल्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक. एखादं अक्षर कुठल्या कळेवर आहे असं विचारलं तर त्यांना सांगता येत नसे; हात हवेत धरून बोट हलवावं लागे, मग म्हणत, "हे बगा, हितं हाय." टाइप करताना नजर कायम मूळ कागदावर. "यंत्राकडं बघतोय त्यो टायपिस्ट न्हवं पाव्हणं, त्यो प्रेक्षक," असं ते मला ऐकवत. मला, कारण माझं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून देण्याचं दुकान होतं आणि मी दिवसभर पडद्याकडेच बघत बसे.

नव्वद सालानंतर त्यांच्याही कचेरीत कॉम्प्युटर आला. त्या खोलीत चपला काढून जायचं असा नियम होता; दाजींनी त्यात पाय धुण्याची भर घातली. ओळ संपली की टाइपरायटरचा गाडा ढकलायच्या सवयीनं डावा हात हवेतच सरकवत आणि शेजारचा चहा सांडत. हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण नव्या साहेबांनी बजावलं, की पाण्याच्या टँकरचा अहवाल बुधवारी चारच्या आत कॉम्प्युटरवर झाला नाही तर दाजींची बदली लांब दुष्काळी जतला. मुलगी दहावीला. ताई दिवस मोजू लागली. दाजी मात्र "असलं साहेब लय बगितलं" म्हणत सगळ्यांची थट्टा करत होते.

बुधवारी तीन वाजता दुकानात फोन आला. "पाव्हणं, जरा येताय का?" एवढंच. मी कचेरीकडं स्कूटर हाणली. दाजींनी सकाळपासून अठरा पानं टाइप केली होती, एकदाही मान न वळवता. आधीच्या माणसानं इंग्रजी पत्र लिहून फॉन्ट इंग्रजीवरच सोडला होता, त्यामुळे पडद्यावर अठरा पानं नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. "आता परत कराय येळ न्हाई," दाजी म्हणाले. "मी जातो जतला. तुमच्या ताईला आन पोरीला तुमच्याकडं ठिवा."

मी काही तज्ज्ञ नव्हतो, पण हाच घोळ माझ्या हातून आठवड्यातून दोनदा होई. मराठी फॉन्ट टाइपरायटरच्याच कळांप्रमाणे बसवलेला होता. म्हणजे दाजींची बोटं बरोबर पडली असतील तर सगळं वाचणार होतं. मजकूर निवडला, मराठी फॉन्ट लावला, आणि पहिल्या गावाच्या नावापासून साहेबांच्या पदापर्यंत अठराच्या अठरा पानं मराठीत उभी राहिली. चूक शोधून सापडेना.  फॉन्ट कुठं बदलायचा ते दाखवल्यावर दाजींनी दोनदा बदलून पाहिला. "एवढंच व्हय?" म्हणाले.

पावणेचारला अहवाल साहेबांच्या टेबलावर गेला आणि जतचा विषय तिथंच संपला.

संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला गेलो तर ताईनं दाजींच्याच सांगण्यावरून मुलीची पुस्तकं माझ्याकडं पाठवायला पोत्यात भरून दारात ठेवलेली.  खाली बसून दाजींनी पोत्याची सुतळी सोडली आणि एकेक पुस्तक मुलीच्या हातात देत म्हणाले, "फळीवर ठिव गं. आपण हितंच हाय." ताईनं रिकामं पोतं झटकून घडी घातली. इतका धास्तावलेला माणूस इतके दिवस आम्हाला हसवत होता, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर दाजींच्या थट्टेला मी कधी उलट उत्तर दिलं नाही.