मेन स्विच बंद, पाणी चालू

"मॅडम, किती ठोकताय? टाइल फुटेल माझी!"

घर विकणारे दिलीपभाऊ बाथरूमच्या दारात उभे राहून कुरकुरत होते. मी रुपयाचं नाणं टाइलवर वाजवत होते. खाली सिमेंट नीट भरलेलं नसेल तर आवाज पोकळ येतो आणि पोकळ टाइल आज ना उद्या उखडते. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर व्हिडिओ कॉल. पलीकडे संदीप, घर घेणारा. जहाजावर इंजिनीअर. जहाज कुठल्याशा बंदराला लागलेलं आणि संध्याकाळी सुटणार. एकदा सुटलं की फोन बंद.

या कामाला आम्ही फायनल वॉकथ्रू म्हणतो. रजिस्ट्रीच्या आधी घर शेवटचं फिरून बघायचं. बोलल्याप्रमाणे सगळं आहे ना, हे तपासायचं. घेणारा लांब असला की माझ्यासारख्या सिव्हिल इंजिनीअरला पाठवतो. मी जळगावची, घर धुळ्यात, रजिस्ट्री दुसऱ्या दिवशी.

संदीपच्या वडिलांचं डायलिसिस धुळ्याला चालू होतं. दर वेळी शिंदखेड्याहून यायचं, सुया टोचून घ्यायच्या, गळून गेलेलं शरीर घेऊन परत जायचं. वाटेत त्यांना उलट्या व्हायच्या. हे घर हॉस्पिटलपासून रिक्षाच्या अंतरावर. त्या दिवशीही वडील तिकडे मशीनवर होते आणि आई, इंदूअक्का, तेवढ्या वेळात घर बघायला आल्या होत्या. सोबत संदीपचे मामा. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे संदीपच्या वतीने सही करायचा अधिकार, त्यांच्याकडे.

घर खरंच चांगलं होतं. स्लॅबला ओल नाही, दारं नीट लागतात, बाथरूमचा उतार जाळीकडे. इंदूअक्का तर कॉट कुठे टाकायची तेही ठरवून मोकळ्या झाल्या होत्या.

"पाण्याचं काय, मॅडम?" संदीपने विचारलं.

धुळ्यात हा प्रश्न आधी विचारायला हवा. नळाला पाणी रोज येत नाही. ज्याच्या घरी बोअर तो सुखी.

"बोअर आहे ना!" दिलीपभाऊ म्हणाले. "भर उन्हाळ्यात आटत नाही. थांबा, मोटर लावतो." ते बाहेर गेले, लगेच परत आले. गच्चीवरच्या टाकीत धो धो पाणी पडायला लागलं. मामा खूश. "बघ संदीप, आवाज ऐक!"

मी वायरिंग बघायला घेतलं आणि मेन स्विच बंद केला. दिवे गेले, पंखा थांबला. पाणी मात्र पडतच होतं.

मी स्विच पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. पाणी आपलं चालूच.

"दिलीपभाऊ, मोटर कुठाय?"

"पलीकडे. नानांच्या अंगणात. माझे मोठे भाऊ."

"आणि बोअर?"

"तीही तिथंच. पण बोअर दोघांची, मॅडम. वाटणीच्या वेळीच ठरलंय."

"कागद?"

"सख्ख्या भावात कसला कागद?" ते दुखावलेच. आणि सांगते, माणूस लबाड नव्हता. इतकी वर्षं पाणी येत होतं, म्हणून बोअर आपली, असं तो मनापासून धरून चालला होता.

माझं मात्र धाबं दणाणलं. बोअर दुसऱ्याच्या जमिनीत, वीज दुसऱ्याच्या मीटरची. उद्या सही झाली की या घरात उरणार काय? कोरडी टाकी.

मार्ग होता. नानांनी पाण्याचा हक्क दस्तात लिहून द्यायचा, उद्या रजिस्ट्रीला सही करायची. "चला, विचारू," मी म्हणाले. दिलीपभाऊ घुटमळले. "नंतर सांगतो मी त्यांना." पण मी एव्हाना फोन हातात घेऊन फाटकाबाहेर पडले होते, मामा आणि इंदूअक्का माझ्यामागे.

नाना ओट्यावर बसले होते. हसून म्हणाले, "भाडेकरी येतस ना? येऊ द्या. पानी कोन्हले ना म्हनतस का?"

"भाडेकरी नाही, नाना. घर विकत घेताहेत. उद्या रजिस्ट्री आहे."

नानांचं हसू गेलं. ते माझ्याकडे नाही, भावाकडे बघत होते.

"इकी टाकं? माले न इचारता?"

आपल्याकडे घर विकायचं तर आधी भावाला विचारतात. घेवो न घेवो, विचारायचं. दिलीपभाऊ पुटपुटले, "तुम्ही घेणार नव्हता ना, म्हणून..."

"घेतं का नही घेतं, ते मी सांगतू! मी मोठा भाऊ शे का कोन शे?" नाना उठून उभे राहिले. "पानी मना भाऊले व्हतं. दुसराले थेंब देवाव नही!"

दार धाडकन लागलं. मामांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, उद्याची सही होऊ द्या. नाना काय, दोन दिवसांत शांत होतील. भाऊजींचे हाल बघवत नाहीत हो." ते अक्षरशः रडवेले झाले होते.

फोनवर संदीपने सगळं ऐकलं होतं. मागे कोणीतरी त्याला हाका मारत होतं. "मॅडम, मला जायचंय. हो की नाही, एवढंच सांगा."

इंदूअक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. हो म्हणणं किती सोपं होतं!

"नाही," मी म्हणाले. "लिहून मिळाल्याशिवाय नाही."

"मामा, उद्या सही करू नका," एवढं बोलून तो गेला.

"मंग आते काय करानं, ताई?" इंदूअक्कांनी विचारलं. जळगावला येईपर्यंत मी स्वतःलाच शिव्या घालत होते. कशाला तो स्विच बंद केला बाई!

दुसऱ्या दिवशी सकाळी दिलीपभाऊंचा फोन. आवाज फाटलेला. "मॅडम, नानांनी पाइप कापला! भिंतीपाशी सिमेंट घालून बुजवला. तुमच्यामुळे माझं पाणी गेलं!"

"दिलीपभाऊ, ते तुमचं होतंच कुठे?"

त्यांनी फोन आपटला. मी मात्र कितीतरी वेळाने नीट श्वास घेतला.

संदीपच्या आईवडिलांनी हॉस्पिटलजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. कळकट आहेत, पण पाणी आहे, आणि उलट्यांचा प्रवास थांबला. घर संदीप अजून शोधतोय. आणि मी आता कुठेही वॉकथ्रूला गेले की आधी शेजाऱ्याचं दार वाजवते. विकणाऱ्याला हे मुळीच आवडत नाही. ज्याला जास्त आवडत नाही, त्याच्या शेजाऱ्याकडे मी चहासुद्धा घेते.