बाबांसाठी सोडलेली खुर्ची

जुन्या कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाचा कुबट वास आला, की झाशीच्या छावणीतला तो स्टुडिओ आठवतो. बाबा लढाईत कामी आल्याला महिना झाला होता. आम्हा तिघांचा एकत्र फोटो नव्हता, म्हणून छायाचित्रकार आईशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांचा जुना फोटो जोडणार होता. कापडाआडून तो चाचरत म्हणाला, “बहनजी, साहब बगल में बैठेंगे... माथा सूना अच्छा नहीं लगेगा.” आईने खुर्चीकडे पाहिले, माझी टिकली काढून स्वतःच्या कपाळी लावली आणि म्हणाली, “खींचिए, भैयाजी.” निघताना तिने ती मला परत लावली, चिकटेना म्हणून अंगठ्याने दुखेपर्यंत दाबली. आज भिंतीवरच्या त्या फोटोत आई बाबांशेजारी सवाष्ण बसली आहे आणि तिला टेकून उभ्या असलेल्या माझे कपाळ तेवढे रिकामे दिसते.